दीड फुटाचा उतार आणि त्याचे पाठभेद

नाही हो नाही, प्राध्यापक पडले नाहीत! कुणी सांगितलं तुम्हाला? कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये सांगतात ना, की सर उतारावरून घसरले, चष्मा एकीकडे, चप्पल दुसरीकडे, आणि घाबरून मुलाला तिथल्या तिथे पास करून टाकलं... तो पाठ भ्रष्ट आहे, तुम्हाला सांगतो, साफ भ्रष्ट! विद्यार्थ्यांच्या तोंडून जी कथा फिरते तिच्यात मास्तर पडतोच; तो पडला नाही तर कथा दुसऱ्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाही. दुसरा पाठ मामांच्या गवंड्यांमध्ये चालतो. त्यात मामा एका दुपारात सगळं बांधून देतात आणि शिकलेला भाचा तोंडात बोट घालून बघत राहतो. पण हा पाठ सांगणारे झाडून सगळे मामांच्याच हाताखालचे, तेव्हा त्याचं वजन आपणच ठरवावं. तिसरा शेजारीणबाईंचा. त्यात तो उतार आजोबांसाठी नव्हताच, घरात गुपचूप मोटार यायची होती! अहो, मागच्या अंगणाला फाटकच नाही, तीन बाजूंनी पुरुषभर भिंत, मोटार येणार कुठून, आभाळातून? पण पाठाला असल्या शंका विचारायच्या नसतात. उरला चौथा, आईचा. तो सर्वांत लांबलचक, सर्वांत संतापलेला, आणि म्हणूनच सर्वांत विश्वासार्ह; कारण जे घडलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर घडलं, आणि खिडकीत ती उभी होती. तेव्हा आईचा पाठ प्रमाण धरून सांगतो. मध्ये बोलू नका.

तर मुलगा सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला. घरात त्याला मापाड्या म्हणत, कारण कॉलेजात नाव घातल्या दिवसापासून खिशात टेप, आणि समोर येईल ते मापायचं: दार, टेबल, झोपलेलं मांजर. वडील नोकरीपायी परगावी. घरात आई, आजोबा आणि हा. मापण्याचं शास्त्र त्याला कळत होतं, अडला तो पुढच्या विषयाला. डिझाइनची पद्धत! प्राध्यापक वर्गात आले, फळ्यावर एक भला मोठा गोल काढला, गोलावर आठ ठिपके, ठिपक्यांमध्ये बाण. समस्या, माहिती, अटी, पर्याय, निवड, नमुना, चाचणी, सुधारणा, आणि सुधारणेपासून बाण परत समस्येकडे! मापाड्यानं मान तिरकी करून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला तिरकी करून पाहिलं. म्हणाला, "सर, हे कुठून वाचायचं?"

"समस्येपासून."

"पण सर, बाण तर समस्येकडेच येतोय. म्हणजे आधी सुधारणा करून मग समस्या..."

"अहो इंजिनिअर," प्राध्यापक म्हणाले, आणि प्राध्यापकांचा आवाज कसा, तर मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा, "आधी समस्या काय, ते सांगा!"

हेच ते वाक्य, नीट कानात ठेवा. या कथेच्या चारही पाठांत ते आहे, एका अक्षराचाही फरक नाही. विद्यार्थी काही विचारो, काही दाखवो, सर चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, आधी समस्या काय, ते सांगा!

आणि मग सत्राचं काम दिलं. प्रत्येकानं एक खरा माणूस शोधायचा, त्याची खरी अडचण शोधायची, आणि ती या गोलानं सोडवायची. सत्राच्या शेवटी सर स्वतः घरी येणार, सोबत बाहेरचे परीक्षक, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्या माणसानं ती वस्तू वापरून दाखवायची. वापरली तर पास. नाही वापरली तर नापास, आणि या विषयात नापास म्हणजे वर्ष गेलं! मापाड्या हिशेब करत बसला. वर्ष गेलं तर वडिलांना काय सांगणार, आणि मुख्य म्हणजे आईला काय सांगणार? वडील निदान परगावी होते.

आता खरा माणूस शोधायला लांब जायला नको होतं, तो पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसला होता. आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. घर ओळीतलं, रस्ता उताराचा. पुढचा दरवाजा रस्त्याला समतल, पण मागचं दार उघडलं की अंगण दीड फूट खाली. तिथं दोनच पायऱ्या, पण दोन्ही अशा उंच, की धडधाकट माणसानंसुद्धा उतरताना देवाचं नाव घ्यावं. आणि वर्षानुवर्षं रोज दुपारी अंगणात खुर्ची टाकून ऊन खात पडायचं हे आजोबांचं व्रत! ऑपरेशनपासून ते मोडलं. पुढच्या खोलीत ऊन नाही, पडवीत ऊन नाही, माणूस दिवसेंदिवस चिडचिडा होत चाललेला, चहा गार आहे, पेपर शिळा आहे, घड्याळ पुढे आहे... आई टेकीला आली होती.

मापाड्या वही घेऊन समोर बसला. "आजोबा, तुमची समस्या काय?"

"अंगणात जायचंय."

सोपं झालं की! धावत कॉलेजात. सरांनी वाचलं. "अंगणात जाणं हा उपाय झाला. अहो इंजिनिअर, आधी समस्या काय, ते सांगा! माणूस पहिल्या झटक्यात बोलतो ती समस्या नसते. ‘का’ विचारा. पुन्हा ‘का’ विचारा. मुळाशी जा!"

मापाड्या परत घरी. "आजोबा, अंगणात का जायचंय?"

"ऊन खायला."

"ऊन का खायचंय?"

"गुडघा आखडतो."

"गुडघा का आखडतो?"

"म्हातारा झालो म्हणून!"

"म्हातारे का झालात?"

आतून आई पळी घेऊन बाहेर आली. "अरे, वडिलांच्या वडिलांशी बोलतोयस तू! हे शिकवतात तिथं?" आजोबा म्हणाले, "थांब सूनबाई, विचारू दे. मलाही कधीचं जाणून घ्यायचंय, मी म्हातारा का झालो." मापाड्यानं प्रामाणिकपणे वहीत लिहिलं: समस्या, वार्धक्य. दुसऱ्या दिवशी सरांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ही सिव्हिलची शाखा आहे, हे तुम्हाला प्रवेश घेताना सांगितलं होतं ना?"

म्हणजे मुळाशी गेलं तरी चूक, नाही गेलं तरी चूक! मग मुळाच्या किती वर थांबायचं? याचं माप कुठल्या टेपवर असतं, सांगा ना! मापाड्या बिचारा चार वेळा लिहायचा, चार वेळा खोडायचा. शेवटी ‘दीड फूट उंचीचा फरक’ एवढंच लिहून नेलं. सर म्हणाले, "हं." त्या एका ‘हं’वर मापाड्या रात्री पोटभर जेवला.

मग पर्याय. नियम असा, की डोक्यात येईल ते लिहायचं, कुणी कुणाला हसायचं नाही. घरात बैठक बसली. आई म्हणाली, कप्पी लावा. आजोबा म्हणाले, कप्पीला मला पोत्यात घालून सोडा, वर काढायचं विसरा, म्हणजे सगळेच सुटाल. मापाड्यानं तेही लिहून घेतलं, नियम म्हणजे नियम. मग त्याला स्वतःला सुचलं, की आजोबा खाली न्यायचे त्यापेक्षा अंगणच दीड फूट वर आणलं तर? भराव! आई म्हणाली, "आणि पाऊस पडला की पाणी कुठं जाईल, तुझ्या कॉलेजात?" मग आरसे लावून ऊन घरात आणणं. मग उतार. आणि सरांनी सांगितलं होतं, की पर्यायांत ‘काहीही न करणं’ हाही एक पर्याय म्हणून धरावाच लागतो. तोही शेवटी लिहिला.

आणि इथे, तुम्हाला सांगतो, घात झाला! प्रत्येक पर्यायाला गुण द्यायचे, सोय किती, वेळ किती, खर्च किती, धोका किती, देखभाल किती. मापाड्यानं रात्र... नाही, रात्र नाही, अख्खा रविवार बसून बेरीज केली. कोण पहिलं आलं असेल? ‘काहीही न करणं’! धोका नाही, खर्च नाही, वेळ लागत नाही, देखभाल तर मुळीच नाही. उतार चौथा. पोतं तिसरं! बेरीज तपासली, बरोबर. पुन्हा तपासली, जास्तच बरोबर.

"सर, शास्त्रानुसार काहीच करायला नको."

"मग वजनं चुकलीत. सोयीला जास्त वजन द्या."

"किती जास्त?"

"उतार पहिला येईपर्यंत."

"म्हणजे सर, उत्तर आधी ठरवायचं आणि मग..."

"अजिबात नाही!" सर कडाडले. "हे अशास्त्रीय आहे! आधी समस्या काय, ते सांगा!"

आता तुम्ही म्हणाल मामा कुठे आहेत. आलेच. मामा बांधकामाचे कंत्राटदार, बहिणीच्या घरी बोलावल्याशिवाय येणारे. आल्या आल्या म्हणाले, "ताई, कसलं हे नाटक लावलंय यानं? दोन फळ्या टाकल्या की झाला उतार!" मापाड्या म्हणे, "मामा, मी अजून निवडीवर आहे, नमुन्याला वेळ आहे." मामा म्हणे, "तू बस निवडत, गव्हातले खडे निवडल्यासारखा." आणि टाकल्याच फळ्या, दारापासून थेट अंगणात. दिसायला उतार, पण खरं तर शिडी जरा आडवी केलेली! आणि भाच्याला धडा शिकवायचा म्हणून स्वतःच हातगाडीत सिमेंटची गोणी ठेवून निघाले. गाडी पुढे, मामा मागे. मग गाडी जास्त पुढे, मामा जास्त मागे. मग मामांचे पाय नुसते हवेला लागतायत, आणि गाडी थेट समोरच्या भिंतीला! गोणी फुटली. मामा त्यातून उठले तेव्हा आजोबा दारातून म्हणाले, "बरं झालं, आधी तुम्हीच गेलात." गवंड्यांच्या पाठात हा प्रसंग गाळलेला आहे. हं... अपेक्षितच.

पण मामा मनानं मोठे. अंग झटकलं आणि म्हणाले, "बोल भाच्या, तुझं पुस्तक काय म्हणतं?" पुस्तक म्हणत होतं, एक इंच उतरायचं तर एक फूट चाला. दीड फूट उतरायचं तर अठरा फूट. अंगण लांबीला तेरा! आता? उतार भिंत फोडून शेजारीणबाईंच्या न्हाणीघरात जाणार! चार दिवस मापाड्या डोकं धरून बसला, आणि मग त्याला सुचलं, आणि आईच्या पाठातसुद्धा इथं दोन शब्द कौतुकाचे आहेत, की उतार दुमडायचा. दारातून निघून पलीकडच्या भिंतीपर्यंत एक उतार, तिथं वळायला छोटीशी सपाट जागा, आणि परत घराकडे येणारा दुसरा उतार, तो स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जमिनीला टेकणार. गणित सुटलं! मापाड्या नाचला. आई म्हणाली, "सगळं खरं, पण अंगण कुठं उरलं?" मापाड्यानं नकाशा बघितला. खिडकीखाली, दुसरा उतार संपतो तिथं, एक चौकोन उरला होता. चारजण उभे राहतील एवढा. अंगणात जायला उतार केला, तर त्या उतारानं अंगण खाल्लं!

सरांना दाखवलं. सर म्हणाले, "अटींत अंगणाचं क्षेत्रफळ लिहिलं होतंत?" नव्हतं लिहिलं. "मग अट मोडलेली नाही. पुढे चला." बघा हं! जिथं माणसानं म्हणावं, आधी समस्या काय ते सांगा, नेमकं तिथं हा गृहस्थ म्हणाला, पुढे चला!

पुढे कठडा. लोककथांमध्ये साखळीकथा म्हणून एक प्रकार असतो, एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा, आणि जो येतो तो आपलं एक जोडून जातो. कठड्याचं नेमकं तसं झालं. पुस्तकात कठडा कमरेइतका. आई म्हणाली, "आजोबा उंच आहेत, तोल जाईल, टीचभर वाढव." वाढवला. मामा म्हणाले, "बांधताना कमीजास्त होतं, चार बोटं आणखी धर." धरली. शेजारीणबाई भिंतीवरून म्हणाल्या, "आमचं मांजर येतं हो तुमच्याकडे, गजांत डोकं अडकायचं, जवळजवळ घ्या." घेतले. सरांनी विचारलं, "सुरक्षेसाठी वाढ धरलीत का?" धरली होती, पण ‘धरली’ म्हणायला भीती वाटली, म्हणून मापाड्यानं घरी येऊन पुन्हा धरली. कठडा छातीपर्यंत आला, गज असे दाट, की मांजर काय, त्याची शेपटीसुद्धा जाणार नाही. रुंदी मात्र कुणीच वाढवू शकलं नाही, कारण वाढवायला अंगणच नव्हतं! आजोबांचा वॉकर आणि दोन्ही बाजूंना एकेक तळहात, संपलं. मामांनी जुन्या पायऱ्या फोडल्या, त्यांच्या जागी काँक्रीट ओतलं, ते मुरेपर्यंत रोज पाणी मारलं, आणि उतार उभा राहिला. आजोबांना त्यावर पाऊल टाकू दिलं नाही. मापाड्या म्हणाला, पहिली चाचणी परीक्षकांसमोर. आजोबा म्हणाले, "मी काय घोडा आहे?" आणि तरी थांबले. नातवाचं वर्ष होतं ना त्यात.

आला तो दिवस. दुपारची वेळ, अंगणात ऊन. प्राध्यापक आले, परीक्षक आले. परीक्षक शरीरानं भारदस्त, मनगटावर घड्याळ, कपाळावर आठी. "वापरकर्ता कुठे आहे?" वापरकर्ता आतल्या खोलीत स्वच्छ सदरा घालून बसला होता. परीक्षक म्हणाले, "आपण खाली जाऊन थांबू. वापरकर्त्यानं आपल्यापर्यंत यावं." तिघं उतरले, परीक्षक, प्राध्यापक, मापाड्या. परीक्षकांना कठड्यांच्या मधून जाताना अंग जरा चोरावं लागलं, पण गेले, आणि खिडकीखालच्या त्या चौकोनात तिघं उभे राहिले, एकमेकांची कोपरं सांभाळत.

आजोबा निघाले. वॉकर पुढे, पाऊल मागे. वॉकर पुढे, पाऊल मागे. खिडकीत आईनं पदर तोंडाशी धरलेला. पहिला उतार संपला! आजोबा पलीकडच्या भिंतीशी, वळणाच्या सपाट जागेवर पोचले. तिथं भरपूर ऊन होतं. आजोबा थांबले. डोळे मिटले. मान वर केली.

"आजोबा, वळा," मापाड्या कुजबुजला.

"सूनबाई," आजोबा म्हणाले, "माझी आरामखुर्ची आण."

"आजोबा, अजून अर्धा उतार बाकी आहे!" प्राध्यापक म्हणाले.

"असू दे की. मला कुठं जायचंय? तुम्ही उभे आहात तिथं सावली आहे."

आणि आई खुर्ची घेऊन गेलीसुद्धा! आणली, वळणावर आडवी टाकली, आजोबांनी ऑपरेशनचा पाय समोर लांब केला, टाच कठड्याच्या गजाला टेकली, वॉकर कडेला लावला, आणि मुंगीला वाट राहिली नाही. वर्तमानपत्र तोंडावर घेतलं. थोड्याच वेळात घोरणं.

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. "वापरकर्ता शेवटपर्यंत आलेला नाही. चाचणी अपूर्ण. नापास करावं लागेल."

मापाड्याच्या पायांखालचं काँक्रीट सरकलं. "सर, उठवतो मी त्यांना, येतील ते, दोन मिनिटं..."

"खबरदार!" खिडकीतून आई. आवाज बारीक, पण धार अशी, की तिघं एकदम भिंतीला चिकटले. "खबरदार उठवलंत तर! किती दिवसांनी माणूस उन्हात बसलाय. घोरतायत, ऐकू येतंय ना? ऑपरेशननंतर पहिल्यांदा घोरतायत!"

मग वाद सुरू झाला, पण कुजबुजत. प्राध्यापक म्हणे, वापरला. परीक्षक म्हणे, अर्धा वापरला. प्राध्यापक म्हणे, अर्धा उताराचा, पण गरजेचा पूर्ण. परीक्षक म्हणे, हे तत्त्वज्ञान झालं. शेवटी परीक्षक म्हणाले, "मी निघतो, मला पुढे दुसरीकडे जायचंय," आणि वर निघाले. वळणापाशी पोचले. खुर्ची. डावीकडून बघितलं, पाय. उजवीकडून बघितलं, वॉकर. कठड्यावर हात ठेवून एक पाय उचलून पाहिला, कठडा छातीला! गजांतून बघितलं, मांजर जाणार नाही. परत खाली आले. शेजारीणबाईंचं मांजर भिंतीवर बसून सगळं बघत होतं.

"या अंगणाला दुसरी वाट?"

"नाही सर."

"खिडकी?"

"गज आहेत सर."

आता तुम्हाला सांगतो, माणूस नापास करतो तो केव्हा, जेव्हा त्याला नंतर निघून जाता येतं! परीक्षक बराच वेळ वळणाकडे बघत राहिले. ऊन आजोबांच्या सदऱ्यावर पसरलेलं, पोट संथ वरखाली होतंय. कपाळावरची आठी हळूहळू गेली. म्हणाले, "भक्कम मात्र आहे हो. आणि म्हातारा वापरतोय, हे नाकारता येत नाही. आपणच वापरू शकत नाही, एवढंच." कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि लिहिलं: उत्तीर्ण. खाली बारीक अक्षरात: खालून वर येणाऱ्यांचा विचार व्हावा.

आईनं गजांतून तीन कप चहा दिला. मापाड्यानं कप हातात घेतला, कागदाकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, दुसऱ्या अर्ध्या उताराकडे बघितलं, ज्यासाठी अंगण गेलं होतं आणि ज्यावर आजोबांचं पाऊलच पडलं नव्हतं. त्याला काहीच कळेना. म्हणाला, "सर, मी पास झालो, पण... मग समस्या काय होती?"

प्राध्यापकांनी तोंड उघडलं. सवयीनं उघडलं. मग मिटलं. "चहा घ्या," ते म्हणाले.

ऊन सरकत सरकत भिंतीवर गेलं. मग आजोबा उठले, आईनं खुर्ची आत नेली, आणि बाकीचे एकामागून एक घरात आले.